भेकराची गुणसूत्रे आणि पेशीविभाजनाची पूर्वतयारी

नागपूरनजीकच्या पेंच अरण्यात भेकर आढळते. भारतीय भेकराच्या मादीच्या पेशीत केवळ ६, तर नराच्या पेशीत ७ गुणसूत्रे असतात, हे १९७० साली प्रसिद्ध झाले. चिनी भेकरात ती ४६ आहेत. हा भेद मुख्यत्वे गुणसूत्रे परस्परांस जोडली गेल्याने उद्भवला. विभाजनाची पूर्वतयारी मात्र दोहोंत एकच. प्रथम डी.एन.ए. द्विगुणित होते व कोहेसिन प्रथिन दोन्ही प्रतींस एकत्र बांधून ठेवते. नंतर काँडेन्सिन प्रथिन त्या धाग्यांचे फासे रचून ते आखूड व जाड करते. तसे न झाल्यास विलग होताना धागे गुंततात, प्रसंगी तुटतात, आणि कन्यापेशींस आनुवंशिक द्रव्याची वाटणी विषम होते. भेकराची गुणसूत्रे थोडी व ठळक असल्याने ही प्रक्रिया अभ्यासण्यास त्याच्या पेशी विशेष सोयीच्या ठरतात.