पट्टी कापली, तरी बूट पळाला

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात लॉरा हिली आणि वाउटर होगकामर या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी नाइकीचे व्हेपरफ्लाय बूट घेतले आणि चवड्याखाली चक्क कापले. सोलच्या पोटात दडलेल्या कार्बन फायबरच्या पट्टीला त्यांनी सहा आडवे छेद दिले, म्हणजे तिचा ताठपणा गेला. मग 15 धावपटूंना ताशी 14 किलोमीटर वेगानं ट्रेडमिलवर पळवलं, कधी अखंड बुटांत, कधी कापलेल्या. तोंडाला मास्क लावून त्यांना किती ऑक्सिजन लागतो ते मोजलं. फरक निघाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तोही इतका किरकोळ की संख्याशास्त्राच्या चाळणीत टिकला नाही.

दिवाळी झाली, मुंबई मॅरेथॉन दोन-अडीच महिन्यांवर आली की आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एकच प्रश्न फिरतो : "कार्बन घेऊ का?" बुटाचं नावच 'कार्बन' पडलं आहे. दुकानात माणूस बूट हातात घेतो, वाकवून बघतो, वाकला नाही की खूश होतो आणि वीस-पंचवीस हजार रुपये मोजतो. त्याच्या समजुतीत ती काळी पट्टी म्हणजे स्प्रिंग, आणि तीच त्याला पुढे फेकणार. कापलेल्या बुटाचा प्रयोग सांगतो की असं घडत नाही. निदान या बुटात तरी खरी किमया पट्टीच्या वर-खाली असलेल्या फोमची आहे, आणि निवडही तिथूनच सुरू व्हायला हवी.

साध्या बुटात बहुधा ईव्हीएचा फोम असतो. पाय टेकला की तो दबतो आणि दबताना घेतलेल्या ऊर्जेतला मोठा वाटा उष्णतेच्या रूपात गमावतो. पेबा या पॉलिमरचा फोम मऊ असूनही फार कमी गमावतो. कोलोरॅडो विद्यापीठात व्हेपरफ्लायचा पहिला नमुना यंत्राखाली दाबून सोडला, तेव्हा दाबायला लागलेल्या ऊर्जेपैकी 87 टक्के परत मिळाली. आदिदासच्या त्या वेळच्या रेसिंग बुटात हे प्रमाण सुमारे 76 टक्के होतं, नाइकीच्याच जुन्या बुटात 66च्या जवळपास. शिवाय हा नवा सोल इतरांच्या जवळजवळ दुप्पट खोल दबत होता. जास्त दबणार, म्हणजे जास्त ऊर्जा साठवणार, आणि त्यातली जास्त परत करणार. तिन्ही बूट वजन भरून सारखे केले आणि 18 धावपटूंना ताशी 14, 16 आणि 18 किलोमीटर वेगानं पळवलं. नव्या बुटात ऊर्जेचा खर्च सरासरी 4 टक्क्यांनी कमी भरला. हे काम नाइकीच्या पैशानं झालं होतं आणि संशोधकांत कंपनीची माणसंही होती, हे वाचकाला ठाऊक असायला हवं. पण नंतर इतर प्रयोगशाळांनीही तीन-चार टक्क्यांचेच आकडे दिले, तेव्हा शंकेला फारशी जागा उरली नाही.

वजनाची गोष्टही इथेच येते. बुटाच्या वजनात 100 ग्रॅम वाढले की धावण्याचा खर्च साधारण एक टक्क्यानं वाढतो, हे जुनं निरीक्षण आहे. म्हणून पूर्वी रेसचा बूट पातळ, जवळजवळ चपलेसारखा असायचा. पेबा इतका हलका की बूट जाडही झाला आणि हलकाही राहिला. 2023 मध्ये टिगिस्ट असेफानं बर्लिन मॅरेथॉनमध्ये 2:11:53 असा महिलांचा विश्वविक्रम केला, तेव्हा तिच्या पायातल्या आदिदासच्या बुटाचं वजन होतं फक्त 138 ग्रॅम.

मग पट्टी हवीच कशाला? चार सेंटिमीटर जाडीच्या मऊ गादीवर उभं राहून बघा. पाय इकडेतिकडे कलंडतो. पट्टी त्या गादीला आकार देते, चवड्याखालचा भार पसरवते, आणि बुटाचं टोक वर वळलेलं असल्यामुळे पाऊल पुढे घरंगळतं. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा कमी वाकतो, तिथे वाया जाणारी थोडी ऊर्जा वाचते. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात 2006 च्या सुमारास साध्या बुटांत ताठ पट्ट्या घालून पाहिलं होतं. फायदा मिळाला साधारण एक टक्का. म्हणजे पट्टी निरुपयोगी नाही, ती फोमची मदतनीस आहे. सामान्य फोममध्ये पट्टी खोचून 'कार्बन' या नावावर विकलेला बूट मात्र ग्राहकाची फसगत करतो. सात कार्बन बुटांची ताशी 16 किलोमीटरला तुलना झाली, त्यात दोन-तीनच ठळकपणे पुढे होते. काही तर पट्टी नसलेल्या साध्या रेसिंग बुटाच्या बरोबरीचेच निघाले.

ऑक्टोबर 2019 मध्ये अशाच बुटांत एलियुड किपचोगे व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर 1:59:40 मध्ये धावला, दुसऱ्याच दिवशी शिकागोत ब्रिजिड कोसगेईनं महिलांचा सोळा वर्षांचा विक्रम मोडत 2:14:04 वेळ दिली. 2020 च्या सुरुवातीला जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी 40 मिलिमीटरपर्यंत आणि पट्टी एकच, असा नियम केला.

पण आपण किपचोगे नाही, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. ताशी 14 किलोमीटर म्हणजे तीन तासांत मॅरेथॉन. ज्या वेगांवर हे बूट सुरुवातीला पारखले गेले, त्यातला सगळ्यात हळू वेग तो. आपल्याकडचे बहुतेक हौशी धावपटू चार-पाच तास घेतात. व्हेपरफ्लायची पुढची आवृत्ती हळू वेगावर तपासली, तेव्हा ताशी 12 किलोमीटरला फायदा सरासरी 1.4 टक्के निघाला, 10 किलोमीटरला 0.9 टक्के. चार तासांच्या मॅरेथॉनमध्ये 0.9 टक्के म्हणजे दोनेक मिनिटं. ही दोन मिनिटं ज्याला चार तासांच्या आत आणणार आहेत, त्याला त्यांची किंमत विचारू नये. बाकीच्यांनी मात्र तेच पैसे वर्षभर पुरणाऱ्या रोजच्या बुटांच्या दोन चांगल्या जोड्यांवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातही सरासरी फसवी असते. केनियाचे जागतिक दर्जाचे धावपटू आणि युरोपातले हौशी धावपटू यांच्यावर झालेल्या एका अभ्यासात अशा बुटांत कोणाला 11 टक्के फायदा दिसला, तर कोणाला तेवढाच तोटा. मोजमापातली चूक त्यात मिसळलेली असणार, तरी माणसामाणसांत फरक पडतो एवढं नक्की. मित्राचा बूट मित्राला लागू पडला म्हणून तो आपल्याला पडेलच असं नाही.

प्रयोगशाळा नसली तरी ढोबळ चाचणी घरच्या घरी होते. सपाट, ओळखीचा रस्ता निवडा. थोडा वॉर्मअप करून रोजच्या बुटांत एक किलोमीटर, मग नव्या बुटांत दोन, मग पुन्हा रोजच्या बुटांत एक, सगळं रेसच्या पेसनं पळा. बूट बदलताना जेवढी विश्रांती होते, तेवढीच नव्या बुटांतल्या दोन किलोमीटरच्या मध्येही घ्या. क्रम असा उलटसुलट ठेवला की थकव्याचा भार दोन्ही बुटांवर सारखा पडतो. छातीचा पट्टा बांधून हृदयाचे ठोके बघा. ठोके हवा, झोप आणि चहाप्रमाणेही बदलतात, म्हणून दोन वेगवेगळ्या दिवशी करा. दोन्ही दिवशी ठोके कमी आणि पाय मोकळे वाटले, तर बूट तुमचा. दुकानात घालून बघायचा तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, रेसचेच मोजे घालून. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. एका जागी वळून पाहा : टाच बाहेर कलंडत असेल, तर तो बूट कितीही गाजलेला असो, ठेवून द्या. यवतेश्वर घाटाच्या उतारावर, सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये, अशा उंच बुटात घोटा मुरगळलेले धावपटू मी पाहिले आहेत.

आता सरावाचं. मी स्वतः पहिली जोडी घेतली तेव्हा उत्साहात रोज तीच घातली. तिसऱ्या आठवड्यात टाचेवरची शीर धरली आणि दीड महिना बसून राहावं लागलं. असा बूट भार नाहीसा करत नाही, त्याची जागा बदलतो. काही डॉक्टरांनी 2023 मध्ये कार्बन बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पायाच्या मध्यभागी असलेल्या नौकाकृती हाडाला ताणामुळे झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. पाच उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही, पण चवड्याच्या मागे वरच्या बाजूला एका बिंदूवर दुखू लागलं तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवायला एवढं कारण पुरे. म्हणून हा बूट आठवड्यातून एकदाच : टेम्पो, लांब इंटरव्हल किंवा लाँग रनचे रेस पेसचे शेवटचे किलोमीटर. रमतगमत पळायच्या दिवशी तो कपाटातच बरा. याला आणखी एक कारण आहे. पेबाचा फोम लवकर थकतो. 450 किलोमीटर वापरलेल्या जोड्यांची चाचणी झाली, तेव्हा त्यांची ईव्हीएवरची आघाडी संपलेली होती. बूट वरून नवा दिसतो, आतला फोम मात्र संपलेला असतो. म्हणून किलोमीटरची नोंद वहीत किंवा घड्याळात ठेवा.

जानेवारीची रेस असेल तर घ्यायचा बूट नोव्हेंबरातच घ्या. तीन-चार वेगवान सराव त्यात करा, एक तरी लाँग रन रेसच्याच कपड्यांत आणि मोज्यांत. आणि रेसच्या आधी एक्स्पोत बिब आणायला जाल, तेव्हा बुटांच्या स्टॉलवर थांबू नका.