अंगणातलं पाणी शेजाऱ्याच्या दारी नको

घर बांधायला काढलं की बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो भराव टाकण्याचा. जमीन रस्त्यापेक्षा हातभर उंच करून घेतली की पावसाळ्याची काळजी मिटली, असा समज असतो. पण आपली जमीन उंच झाली की शेजारची आपोआप सखल होते. पहिल्याच मोठ्या पावसात आपल्या अंगणातलं पाणी शेजाऱ्यांच्या उंबऱ्याशी पोहोचतं आणि वर्षांचा घरोबा तुटायला तेवढं पुरतं.

रायपूरसारख्या शहरात तर हा प्रश्न अधिकच नाजूक. इथं वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत. बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध अशी तळी हे पाणी पोटात घेत आली. रजबंधा तलाव मात्र बुजला. आज त्या नावाचं मैदान उरलं आहे. २००० साली रायपूर राजधानी झालं, वस्ती वाढली आणि पाणी मुरायला मोकळी जमीन कमी झाली.

कायदा काय सांगतो?

भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि हा कायदा ज्या मोजक्या प्रांतांत प्रथम लागू झाला, त्यांत मध्य प्रांत होता. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये आला. वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहत असेल, तर खालच्या मालकानं ते वाहू द्यावं, असं तो म्हणतो. सारा भर आहे 'नैसर्गिकपणे' या शब्दावर. मुद्दाम भराव घालून किंवा गच्चीची पन्हळ शेजारी वळवून लोटलेलं पाणी त्यात बसत नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घराचं जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर उंच हवं. उंच करायचं ते जोतं, सगळं अंगण नव्हे! छत्तीसगडच्या भूमी विकास नियमांनुसार १५० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संचयाची सोय सक्तीची आहे.

हिशेब सोपा आहे

१०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर १००० लिटर पाणी जमतं. ते कुठं जाणार, हे पाया खणण्यापूर्वीच ठरवायला हवं.

* रस्ता, गटार, अंगण आणि जोतं यांच्या पातळ्या इंजिनिअरकडून नकाशावर लिहून घ्या.
* अंगणाला घरापासून गटाराकडे, मीटरमागे साधारण दोन सेंटीमीटर उतार द्या.
* गच्चीचं पाणी गाळून शोषखड्ड्यात सोडा. अंगणातलं मातकट पाणी त्यात नको.
* पावसाचं पाणी संडासाच्या वाहिनीला कधीही जोडू नका. मोठ्या पावसात ती तुंबली की घाण घरातच उलटते.
* अंगणभर फरशी घालू नका, थोडी माती उघडी राहू द्या.

भराव टाकण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून पातळ्या दाखवाव्यात. फरशी बसल्यावर उतार बदलणं खर्चाचं असतं आणि कोर्टकचेरी त्याहून महाग पडते.