टीव्ही खोक्यात, वॉरंटी चालू!

ग्रेटर नोएडा वेस्टमध्ये राहणाऱ्या माझ्या मावशीने २०२३च्या धनत्रयोदशीला टीव्ही घेतला. ऑफर चांगली होती आणि फ्लॅटचा ताबा 'पुढच्या महिन्यात' मिळणार होता. हा पुढचा महिना उजाडला जून २०२४ मध्ये! तोवर टीव्ही भाड्याच्या घरात, पलंगामागे, खोक्यात उभा.

डिसेंबरमध्ये पडद्यावर उभी रेघ आली. टीव्ही जेमतेम सहा महिने वापरलेला. मावशी निर्धास्त होती, कारण एक वर्षाची वॉरंटी होती ना! कार्डावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'खरेदीच्या तारखेपासून'. दुकानदाराने बिल पाहून सांगितलं, "डेट तो बिल की ही चलती है, मॅडम." वॉरंटी महिन्यापूर्वीच संपली होती.

ही अडचण सरकारच्याही कानावर गेली आहे. २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या सचिव निधी खरे यांनी घरगुती उपकरणांच्या कंपन्यांना आणि उद्योग संघटनांना पत्र लिहून वॉरंटी खरेदीच्या नव्हे, तर वस्तू बसवल्याच्या तारखेपासून मोजावी असं सुचवलं. कारण सरळ आहे. एसी किंवा वॉशिंग मशीन कंपनीचा माणूस येऊन बसवेपर्यंत वापरताच येत नाही. ऑनलाइन खरेदीत तर वस्तू घरी पोहोचण्याचे दिवसही वाया जातात.

पण पत्र म्हणजे कायदा नव्हे. त्यामुळे आजही कार्डावर जे छापलंय तेच आधी बघावं लागतं. कुणी बिलाची तारीख धरतं, कुणी वस्तू हातात पडल्याची, कुणी बसवल्याची. दुकानात आपण इंच आणि स्टार विचारतो, हे मात्र कुणी विचारत नाही. (मीही विचारत नव्हते.)

घर तयार नसेल, तर मला सगळ्यात सोपा वाटतो तो मार्ग असा: ऑफरच्या दिवशी थोडी रक्कम देऊन बुकिंगची पावती घ्या आणि पक्कं बिल वस्तू घरी येईल त्या दिवसाचं मागा. सगळे दुकानदार तयार होत नाहीत, पण सणाच्या गर्दीत गिऱ्हाईक सोडायचं नसल्याने बरेचसे ऐकतात. आणि हो, खोकं महिनोन् महिने बंद ठेवू नका. आतून तडा गेलेला असेल, तर तो दुकानातून आला की तुमच्या घरी गेला, हे नंतर कोण ठरवणार?

वस्तू बसवायला आलेला माणूस कागदावर सही घेतो, त्या कागदाचा फोटो बिलाच्या फोटोसोबत ठेवा. जिथे वॉरंटी बसवल्यापासून मोजतात, तिथे तोच पुरावा. दुकानातली 'एक्स्टेंडेड वॉरंटी' घेणार असाल, तर ती कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची, आणि कधीपासून सुरू होते, हेही लिहून घ्या.

वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे टीव्ही दिल्लीत घेतला तरी नोएडावाल्याला दिल्ली गाठावी लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर फी नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

मावशीने १९१५ला फोन केला. आठ-दहा दिवसांनी कंपनीकडून निरोप आला: मजुरी माफ, पॅनेलचे अर्धे पैसे भरा. तिने भरले. आता गीझर घ्यायचाय, आणि या वेळी काकांच्या आधी तीच कार्ड वाचतेय, चष्मा लावून, दुकानाच्या काउंटरवरच.