जुन्या घरांतील मुख्य फ्यूज व कालबाह्य वायरिंग : एक विवेचन

बीजशब्द : वितळतार, विसंवाहक आवरण, तटस्थ तार, भूसंपर्कन, भाडे नियंत्रण

प्रस्तावना :
मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीची स्थापना १९०५ मध्ये झाली. त्यानंतरच्या काही दशकांत मुंबईच्या चाळींत आणि राज्यातील इतर शहरांच्या वाड्यांत वीज पोहोचली. त्या काळी घरातील विजेची गरज दोन-चार दिवे आणि फार तर एक पंखा एवढीच होती. आज त्याच घरांत गीझर, इस्त्री, मिक्सर, वातानुकूलन यंत्र आले आहे. मात्र भिंतीवरील तारा अनेक ठिकाणी जुन्याच आहेत. फ्यूज वारंवार उडू लागला की जाड तार घालून तो 'पक्का' केला जातो. हा उपाय धोकादायक का ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वितळतारेचे कार्य :
फ्यूज हा मुख्यतः उपकरणाचा किंवा माणसाचा नव्हे, तर तारेचा रक्षक आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. तार सहन करू शकेल त्या मर्यादेपलीकडे धारा गेल्यास परिपथातील सर्वांत दुर्बल दुवा आधी तुटावा, यासाठी वितळतार असते. म्हणून फ्यूजची क्षमता घरातील उपकरणांवरून नव्हे, तर भिंतीतील तारेवरून ठरवावी लागते.

जुन्या घरांतील चिनी मातीच्या 'किटकॅट' फ्यूजमध्ये कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरतात. ५ अँपिअरसाठी तिचा व्यास ०.२ मिमी, १५ अँपिअरसाठी ०.५ मिमी आणि ३० अँपिअरसाठी ०.८५ मिमी असतो. अशी तार तिच्या अंकित क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट धारेलाच वितळते. म्हणजे योग्य जाडीची तार असतानाही या फ्यूजचे संरक्षण ढोबळच असते.

जुन्या वायरिंगचे स्वरूप :
सर्वांत जुन्या वायरिंगमध्ये व्हल्कनित रबराचे आवरण असलेल्या तारा लाकडी केसिंग-कॅपिंगमधून नेलेल्या आढळतात. त्यानंतर लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेले बॅटन वायरिंग आले आणि पुढे पीव्हीसी आवरणाच्या तारा आल्या. रबराचे हवेतील ऑक्सिजनमुळे व उष्णतेमुळे विघटन होते. ते कडक होऊन त्याला तडे जातात. स्पर्श न झाल्यास ते वर्षानुवर्षे शाबूत दिसते. स्विच बदलताना तार जराशी वाकवली तरी आवरणाचे तुकडे गळतात. काही घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. या धातूवर रोधक ऑक्साइडचा थर जमतो, तसेच स्क्रूखाली दबून जोड सैल होतो आणि तेथे तार तापते.

जाड तारेचा परिणाम :
१/१८ या जुन्या मापाच्या तारेवरील दिव्यांचा परिपथ ५ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ११५० वॅटचा असे. त्यावर २००० वॅटचा गीझर व १००० वॅटची इस्त्री एकाच वेळी चालवल्यास सुमारे १३ अँपिअर धारा वाहते. ५ अँपिअरच्या तुलनेत उष्णता पावणेसात पट होते. फ्यूजमध्ये १५ अँपिअरची तार असेल तर ती वितळणार नाही. तापेल ती लाकडी पट्टीतील तार, आणि तिचे आवरण आधीच जीर्ण झालेले असते. अशा वेळी भिंतीतील तारच वितळतारेचे काम करू लागते.

घरातील फ्यूज असे निकामी केले की संरक्षणाचा भार मीटरपूर्वीच्या मुख्य कट-आउटवर पडतो. तो पुरवठादाराचा असतो आणि त्याचा हेतू सर्व्हिस लाइनचे रक्षण हा आहे. खोलीतील बारीक तारेचे रक्षण त्याच्याकडून होऊ शकत नाही. अनेक चाळींत मीटर व मुख्य फ्यूज लाकडी जिन्याखाली असतात. तेथे आग लागल्यास बाहेर पडण्याचा एकमेव मार्गच बंद होतो.

फ्यूज ज्यापासून वाचवत नाही :
जुन्या बोर्डांवर विद्युन्मय व तटस्थ अशा दोन्ही तारांत फ्यूज आढळतात. तटस्थ तारेतील फ्यूज उडाला तर दिवे विझतात, परंतु परिपथ विद्युन्मय राहतो. 'वीज गेली' असे समजून तारेला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. भारतीय विद्युत नियम, १९५६ नुसार भूसंपर्कित तटस्थ तारेत फ्यूज ठेवण्यास मनाई होती. या नियमांची जागा पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या विनियमांनी घेतली.

दुसरी मर्यादा भूसंपर्कनाची. भूसंपर्काचा रोध ५ ओहम असल्यास दोष उद्भवताच जास्तीत जास्त ४६ अँपिअर धारा जमिनीत जाते. ३० अँपिअरची वितळतार तेवढ्याने वितळेलच असे नाही. उपकरणाचे धातूचे आवरण विद्युन्मय राहू शकते. दोन पिनांच्या जुन्या सॉकेटमध्ये तर भूसंपर्कच नसतो. ३० मिलीअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारे उपकरण १५ अँपिअरच्या ५०० व्या भागाइतक्या धारेला कार्य करते. माणसाचे रक्षण तेच करू शकते.

जबाबदारीचा प्रश्न :
महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार जागा सुस्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. परंतु दीर्घकाळ गोठलेल्या भाड्यातून संपूर्ण इमारतीचे वायरिंग बदलण्याइतकी रक्कम उभी राहत नाही. भाडेकरू आपल्या खोलीपुरते बदल करतो. जिन्याखालचा बोर्ड व वर जाणाऱ्या सामाईक तारा कोणाच्याच राहत नाहीत.

उपाययोजना :
१. परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या इन्सुलेशन टेस्टरने तपासणी करावी. रोध १ मेगाओहमपेक्षा कमी असल्यास वायरिंग बदलावे.
२. गीझर व वातानुकूलन यंत्रासाठी मुख्य बोर्डापासून पुरेशा जाडीची स्वतंत्र तार घ्यावी.
३. फ्यूजऐवजी एमसीबी बसवताना तिची क्षमता तारेला अनुरूप असावी. जुन्या बारीक तारेवर ३२ अँपिअरची एमसीबी म्हणजे जाड वितळतारेचेच नवे रूप होय.
४. भूसंपर्कन तपासून ३० मिलीअँपिअरचे गळती-संरक्षक उपकरण बसवावे.
५. सामाईक बोर्डाचा खर्च मालक व भाडेकरूंनी लेखी ठरवून वाटून घ्यावा.

समारोप :
वारंवार उडणारा फ्यूज हा दोष नसून सूचना आहे. तार तिच्या मर्यादेपलीकडे गेली आहे, एवढेच तो सांगत असतो. ही सूचना जाड तारेने बंद करता येते, परंतु तिचे कारण भिंतीत तसेच राहते. म्हणून जुन्या घरांच्या विद्युतसुरक्षेचा विचार फ्यूजपाशी न थांबता तारेपर्यंत, आणि खोलीपाशी न थांबता जिन्याखालच्या बोर्डापर्यंत जाणे आवश्यक आहे.