नावेवरचा सोहळा : आधी मोजणी, मग मेजवानी

लग्नाचा रौप्यमहोत्सव, वडिलांची एकसष्टी, मुलीची पदवी किंवा पेढीला पन्नास वर्षे झाल्याचा आनंद, असे प्रसंग कोल्हापूरच्या व्यापारी कुटुंबांत वर्षानुवर्षे मंगल कार्यालयात, हॉटेलच्या सभागृहात अथवा पन्हाळ्यावर साजरे होत आले आहेत. अलीकडे नव्या पिढीच्या आग्रहाने त्यांत गोव्याच्या पाण्यावरील सोहळ्याची भर पडू लागली आहे. संकेश्वर, आजरा आणि आंबोली घाट या मार्गाने पाच-सहा तासांत पणजी गाठायची, मांडवी नदीत एक खासगी नौका दोन-तीन तासांसाठी भाड्याने घ्यायची आणि घरच्या मंडळींसह मावळतीचे ऊन अंगावर घेत फिरून यायचे, अशी ही कल्पना. या नौकेला आता लहानथोर सारेच ‘यॉट’ म्हणतात.

ही हौस वावगी नाही. रेईश मागूशचा आणि आग्वादचा असे दोन किल्ले, मिरामारचा किनारा आणि नदी समुद्राला मिळते ते विस्तीर्ण मुख, हे सारे एका फेरीत पाहता येते. सत्तरी ओलांडलेल्या आजींनाही वाळू तुडवावी न लागता समुद्र भेटतो. मात्र या सोहळ्याचे नियोजन कार्यालयातील समारंभाप्रमाणे करता येत नाही. कार्यालयात ऐनवेळी दहा पाहुणे वाढले, तर आणखी एक पंगत बसते आणि यजमानाच्या आतिथ्याचे कौतुकच होते. मांडव ताणता येतो, नाव ताणता येत नाही. व्यापारी घराण्यांचा ‘या, सगळे या’ हा उदार स्वभाव जमिनीवर भूषण ठरतो, तो पाण्यावर धोका ठरू शकतो.

माल मोजणारी माणसे

खरे पाहता व्यापाऱ्याला ही शिस्त नवी नाही. घाटमाथ्यावरचा माल एकेकाळी बैलांच्या पाठीवरून घाट उतरून राजापूर, वेंगुर्ले अशा बंदरांत जाई आणि तेथून गलबतांत भरला जाई. किती माल चढवायचा, याचे भान सुटले की माल, गलबत आणि माणसे तिन्ही गमावण्याची वेळ येई. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात अधिक भाड्याच्या लोभाने जहाजे अतोनात भरली जात आणि खलाशी बुडून मरत. सॅम्युअल प्लिमसोल या संसद सदस्याने त्याविरुद्ध चिकाटीने लढा दिला आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले. ती रेषा पाण्याखाली गेली, तर जहाजात भार अधिक झाला असे कोणालाही काठावरून कळे.

आपल्या परिसराला याची आठवण परक्या देशातून आणावी लागत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुराच्या काळात शेजारच्या सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली, माणसांनी भरलेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. तेथे लोक जिवाच्या आकांताने नावेत चढले होते, त्यांना दोष देता येणार नाही. परंतु ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे जे घडले, ते सहलीच्या वेळी घडले. क्षमतेपेक्षा अधिक पर्यटक घेऊन संध्याकाळच्या वेळी फिरणारी नाव उलटली आणि २२ जण दगावले. मृतांत अनेक मुले होती, एकाच कुटुंबातील कितीतरी जण होते. आनंदाच्या फेरीत अशी कोणतीही निकड नसते. म्हणूनच तेथे मर्यादा ओलांडण्यास कोणतेही कारण पुरेसे ठरत नाही.

कागद आधी, आगाऊ रक्कम नंतर

१९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या नौकेला नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र, विमा आणि पात्र कर्मचारी आवश्यक असतात. नौकेवर किती प्रवासी घ्यावेत आणि तिने कोणत्या पाण्यात फिरावे, याच्या मर्यादाही ठरलेल्या असतात. गोव्यात हे काम पणजीचे बंदर कप्तान खाते पाहते. मुंबईचे गेटवे किंवा मालवण अशा महाराष्ट्रातील ठिकाणी महाराष्ट्र सागरी मंडळाचा अधिकार चालतो.

नौका ठरवताना बहुतेक कुटुंबे छायाचित्रे पाहतात आणि दर विचारतात. त्याआधी या प्रमाणपत्रांच्या प्रती मागवाव्यात. कर्ज देण्यापूर्वी तारणाचे कागद पाहतात, तितक्याच सहजतेने हे करावे. त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही आणि नियमाने चालणारा मालक त्यास नकारही देत नाही. प्रमाणपत्रावरील नौकेचे नाव आणि प्रत्यक्ष धक्क्यावर उभ्या असलेल्या नौकेचे नाव एकच आहे ना, हे त्या दिवशी पुन्हा पाहावे. ऐनवेळी ‘ती नौका दुरुस्तीला गेली, ही तशीच आहे’ असे सांगण्यात आले, तर त्या दुसऱ्या नौकेचे कागद पाहिल्याखेरीज पाऊल टाकू नये.

करारपत्रात भाडे तासावर आहे की फेरीवर, वेळ धक्क्यावरून निघाल्यापासून मोजली जाणार की चढल्यापासून, इंधन, धक्क्याचे शुल्क आणि जीएसटी त्यात धरले आहेत काय, अनामत किती आणि ती कधी परत मिळणार, हे स्पष्ट लिहून घ्यावे. सर्वांत महत्त्वाची अट हवामानाची. वारा किंवा लाटा पाहून कप्तानाने फेरी रद्द केली, तर रक्कम परत मिळेल की दुसरी तारीख मिळेल, हे आधी ठरलेले असावे. नाहीतर पैसे वाया जातील या भीतीने यजमानच कप्तानाला ‘निघा, काही होत नाही’ असा आग्रह करू लागतो. रद्द करण्याची सोय करारात असली, की माणसाला ‘नको’ म्हणणे सोपे जाते.

अनेक नौकांच्या ठरीव कार्यक्रमात गळ टाकून मासे पकडण्याचा खेळ आणि मद्याची सोय गृहीत धरलेली असते. ज्या कुटुंबांना या गोष्टी वर्ज्य आहेत, त्यांनी त्या करारातूनच वगळून घ्याव्यात. नौकेवर पोहोचल्यावर वाद घालण्याची वेळ येऊ देऊ नये.

यादी करताना

आता मुख्य गोष्ट पाहुण्यांची. समजा, नौकेच्या प्रमाणपत्रावर ३० प्रवासी लिहिले आहेत. घरची माणसे ९, दोन भावांची कुटुंबे मिळून ८, लेक-जावई आणि नातवंडे ५, व्याह्यांकडील ४, अशी २६ नावे झाली. येथे यजमान सुटकेचा श्वास घेतो. परंतु छायाचित्रकार, घरचे महाराज आणि एक वाढपी हेही नौकेवर चढणारच, म्हणजे २९. एक जागा उरली. तेवढ्यात साडू सपत्नीक येत असल्याचा निरोप येतो आणि संख्या ३१ होते.

कडेवरचे मूलही एक माणूसच असते. ‘लहान आहे, मांडीवर बसेल’ हा बसमधला हिशेब येथे लागू नाही. त्यालाही त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट लागते आणि मुलांच्या मापाची जाकिटे सर्व नौकांवर पुरेशी असतीलच असे नाही. मुलांची वये आणि वजने कळवून जाकिटांची संख्या आधी निश्चित करून घ्यावी.

अडचण अशी, की नावेची मर्यादा कठोर असते आणि नात्याची मर्यादा हळवी असते. कोणाला वगळले तर रुसवा, सर्वांना घेतले तर धोका. यावर व्यवहार्य तोड अशी, की मुख्य समारंभ आणि भोजन जमिनीवर ठेवावे आणि त्याचे निमंत्रण सर्वांना द्यावे. नौकाविहार हा त्याचा एक भाग करून तासाभराच्या दोन फेऱ्या योजाव्यात. पहिली फेरी ज्येष्ठांची, नदीच्या शांत पात्रातली, दुसरी तरुणांची. निमंत्रणासोबतच कोण कोणत्या फेरीत आहे, हे नावासह कळवावे. अशाने कोणी वगळले जात नाही आणि धक्क्यावर कोणाला परत पाठवण्याचा अप्रिय प्रसंगही येत नाही. मोठी नौका घेण्याचा मार्ग आहेच. फक्त तो आधी विचारात घ्यावा, यादी फुगल्यावर नव्हे.

ऋतू, वेळ आणि ताट

जून ते सप्टेंबर हा काळ पश्चिम किनाऱ्यावर नौकाविहाराचा नव्हे. मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे आणि पावसाळ्यात तेथे लाटा उसळतात. पूर्वी खनिज वाहणारे बार्जही त्या दिवसांत आग्वादची वाट सोडून कुंभारजुवे कालव्याने मुरगाव बंदराकडे जात. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांची ही अडचण निसर्गानेच सोडवली आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत उत्तम. त्यातही सकाळी पाणी शांत असते. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो. नदीमुखाबाहेर जायचे असल्यास सकाळ निवडावी, तेही नौकेला त्या पाण्याची परवानगी असेल तरच.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्यांसाठी वेळापत्रकाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘सूर्यास्त फेरी’ म्हणून विकला जाणारा कार्यक्रम बहुधा पाचच्या सुमारास निघतो आणि खाणे अंधार पडताना मांडले जाते. गोव्यात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सुमारे सहाला मावळतो, जानेवारीच्या अखेरीस साडेसहाच्या सुमारास. म्हणून नोव्हेंबरात साडेतीनला निघावे, पावणेपाचला आडोशाच्या पाण्यात नौका थांबवून ताटे मांडावीत, साडेपाचपर्यंत आवरावे आणि मग निवांतपणे सूर्यास्त पाहावा. नवकारशीनंतर निघून सकाळचा नाश्ता नौकेवर करणे हा याहूनही सोपा पर्याय आहे. त्यात ऊन कोवळे, पाणी शांत आणि घड्याळाकडे पाहण्याची गरज नाही.

पदार्थ जमिनीवर करून न्यावेत. डुलत्या नौकेवर गॅस पेटवून गरम पुऱ्या तळण्याचा हट्ट धरू नये. ठेपले, खाकरे, ढोकळा, कांदा-लसूण न घातलेले भडंग, सुकामेवा आणि फळे असे कोरडे, हलके पदार्थ बरे. रिकाम्या पोटी आणि भरल्या पोटी, दोन्ही स्थितीत बोट लागते. म्हणून बेताचे खावे. ज्यांना प्रवासात मळमळते त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वी गोळी घ्यावी आणि नौकेवर मोबाइलच्या पडद्याऐवजी क्षितिजाकडे पाहावे. उकळून गार केलेले पाणी स्टीलच्या भांड्यांतून न्यावे. कागद, पिशव्या आणि उष्टे यांचा एकही कण पाण्यात जाऊ नये. शोभेचे फुगेही टाळावेत. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर सागरी कासवे अंडी घालतात. पाण्यात तरंगणारे फुग्याचे रबर त्यांच्या पोटात जाऊ शकते.

भरती-ओहोटीचाही विचार हवा. गोव्यात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. चांदणे हवे म्हणून पौर्णिमा निवडली आणि चढण्याची वेळ ओहोटीची निघाली, तर धक्का आणि नौका यांच्यातील उतरण आजोबांना अवघड होते. भरतीच्या आसपास चढता-उतरता येईल अशी वेळ कप्तानाला विचारून ठरवावी.

धक्क्यावर

त्या दिवशी ज्यांचा सोहळा आहे, त्यांच्यावर कोणतीही जबाबदारी ठेवू नये. मोजणीचे काम घरातील एका शांत, पण ठाम व्यक्तीकडे सोपवावे. पुतण्या असो वा सून, तिच्या हाती यादी असावी आणि तिचा शब्द त्या दिवशी वडीलधाऱ्यांनीही मानावा. नाव वाचावे, माणूस चढावा, खूण करावी. जाकीट चढवूनच पहिले छायाचित्र काढावे. साडी-शेरवानीवर ते शोभत नाही ही तक्रार तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी. टाचेची पादत्राणे काठावरच राहू द्यावीत.

नौकेवर एक नियम सर्वांना, विशेषतः मुलांना, निघण्यापूर्वीच सांगावा: डॉल्फिन दिसला किंवा सूर्य बुडू लागला, तरी सर्वांनी एकदम एका बाजूला धावायचे नाही. भार एका कडेला गेला की नौका कलते. वरच्या मजल्यावर गर्दी झाली की तिचा तोल आणखी नाजूक होतो. डाबोळीचा विमानतळ हा नौदलाचाही तळ आहे, त्यामुळे छायाचित्रकाराने परवानगीवाचून ड्रोन उडवू नये. ध्वनिवर्धकाचा आवाज बेताचा ठेवावा, म्हणजे कप्तानाची सूचना ऐकू येईल. वेग, मार्ग आणि परत फिरण्याची वेळ याबाबत त्याचा शब्द अखेरचा मानावा.

इतकी तयारी केली, तर पाण्यावर काळजी करण्यासारखे फारसे उरत नाही. नातवंडे आजीच्या कुशीत बसतात, व्याही-व्याही निवांत बोलतात आणि एरवी दुकानाच्या गडबडीत एकमेकांकडे पाहायला न मिळालेली माणसे दोन तास एका जागी असतात. सोहळा घडवून आणण्याचा हेतू तोच होता. परत आल्यावर उतरतानाही यादी वाचावी. चढलेली संख्या आणि उतरलेली संख्या जुळली, की त्या दिवसाचा हिशेब पुरा झाला.