जोडीचे पडदे

संपादकांनी संगीत ऐकण्याच्या एखाद्या यंत्रावर लेख मागितला, तेव्हा मला आठवण झाली ती वाशिंदच्या एका स्नेह्यांच्या माजघराची. 1855 साली कल्याणहून निघालेला लोहमार्ग ज्या गावापर्यंत येऊन काही काळ थबकला होता, त्या गावातील या कौलारू घरात, भिंतीपासून पाच हात पुढे, चार जाळीदार पडदे उभे आहेत. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, आणि प्रत्येक बाजूस एकावर एक, सागवानी चौकटीत घट्ट आवळलेले.

हे पडदे इंग्लंडमधील पीटर वॉकर यांच्या कल्पकतेचे अपत्य. 1936 साली त्यांनी लंडनमध्ये कारखाना काढला, महायुद्धातील बॉम्बवर्षावानंतर तो हंटिंग्डन येथे हलवला, आणि 1957 पासून तेथूनच 'क्वाड' या नावाने हा विद्युत्स्थितिक स्पीकर विक्रीस येऊ लागला. तो 1985 पर्यंत बनत राहिला. कारखान्याची हकीकत एवढी पुरे. मन गुंतते ते पडद्यात.

सर्वसाधारण स्पीकरमध्ये कागदी शंकू असतो, त्याला हलवणारे लोहचुंबक असते आणि या दोघांना सांभाळणारी लाकडी पेटी असते. ती पेटी स्वतःही थोडी गातेच. येथे पेटी नाही, शंकू नाही. केसाहूनही कितीतरी पातळ अशी प्लास्टिकची फिल्म, तिच्यावर विद्युत्प्रवाह मोठ्या कष्टाने वाहू देणारा एक लेप, आणि तिच्या पुढेमागे छिद्रांकित पत्रे, हा सारा संसार. मंद्र स्वरांच्या फिल्मवर सुमारे सहा हजार व्होल्टचा दाब सतत राखलेला असतो. गाण्याचा विद्युत्संदेश पत्र्यांवर आला की एक पत्रा तिला ओढतो, दुसरा ढकलतो, आणि ती सर्वांगाने एकाच वेळी हलते. तिचे वजन तिच्या पुढ्यातील हवेच्या थराइतके नगण्य असल्यामुळे स्वर थांबला की तीही तत्क्षणी थांबते. तानपुऱ्याची जवारी या पडद्यातून ऐकताना तारेखालचा सुती धागा जणू डोळ्यांना दिसतो. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही.

परंतु या सत्यवचनी पडद्याचा आवाज लहान. अधिक दाब दिला तर फिल्म आणि पत्रा यांच्यामधील हवेतून ठिणगी उडते आणि तार स्वरांच्या फिल्मला भोक पडते. शिवाय पडद्याच्या मागून निघणारी लहर पुढच्या लहरीच्या नेमकी उलट असल्याने, खर्जाच्या लांब लहरी कडेला वळसा घालून एकमेकींना गिळून टाकतात. या दोन्ही व्यथांवर रसिकांनी काढलेली तोड म्हणजे जोडी. दोन पडदे एकसाथ हलले की हवेवरील दाब दुप्पट होतो. म्हणजेच पूर्वीइतक्याच आवाजासाठी प्रत्येकाला निम्मा विद्युद्दाब पुरतो, ठिणगीचे भय ओसरते, आणि उंची वाढल्यामुळे खर्जही अधिक खाली उतरतो. 1970 च्या दशकात अमेरिकेत मार्क लेव्हिन्सन यांनी अशीच जोडी मधल्या स्वरांना ठेवून, खर्जाला हार्टले कंपनीचा चोवीस इंची शंकू आणि तार स्वरांना डेक्काचा फीतवाला स्पीकर योजून एक थोर संच सिद्ध केला होता. आपल्याकडे गवयाच्या मागे दोन तानपुरे बसवण्याची वहिवाट आहे, तिच्याशी या योजनेचे नाते मला फार जवळचे वाटते.

दोन तानपुरे जुळवायला जो कान लागतो, तो येथेही लागतो. मी उभ्यानेच ऐकू लागलो, तेव्हा यजमान म्हणाले, "आधी बसा बरं तुम्ही. उभ्याने ऐकाल तर सूर वेगळाच लागेल." आणि खरोखरच, खुर्चीत बसताच झांजेची किणकिण मोकळी झाली. सेकंदाला दहा हजार कंपनांच्या स्वराची लहर अवघी साडेतीन सेंटिमीटर लांब; वरचा पडदा कानापासून खालच्यापेक्षा बोटभर लांब पडला, तरी दोघे एकमेकांना खोडू लागतात. म्हणून दोन्ही पडदे किंचित कलते करून, सुतळीने अंतर मोजून, ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीशी जुळवलेले आहेत. शेजारी शेजारी उभे केले असते, तर नुसती मान वळवताच आवाजाचा रंग बदलला असता.

अॅम्प्लिफायरचीही कैफियत आहे. या स्पीकरचा रोध तार स्वरांना दोन ओहमपर्यंत घसरतो. दोन समांतर जोडले की तो निम्म्यावर येतो, आणि भलेभले यंत्र तेथे गुडघे टेकते. यजमानांचे एक अॅम्प्लिफायर असेच जळाले. आता प्रत्येक पडद्यास स्वतंत्र अॅम्प्लिफायर आहे.

आणि मग मृगाचा पाऊस येतो. पडद्यावरील विद्युद्भार इतक्या क्षीण प्रवाहाने भरत असतो, की दमट हवेत तो भरण्याआधीच झिरपून जातो; स्वर हळूहळू मंदावतो, जाळीआडून चरचर ऐकू येते. भाताची लावणी सुरू झाली की चौकटींवर धोतराचे पान पडते आणि मागे लहानसा दिवा तेवत राहतो. कोरड्या दिवसांत धूळ छळते, कारण भारित फिल्म तिला ओढून घेते. वीज गेली, तर ती परतल्यावर पडदे पुन्हा भरेपर्यंत वाट पाहावी लागते. डावीकडील वरचा पडदा दुरुस्तीला दिला होता, तो एका कडेला ढिला ताणून परत आला. फिल्म परदेशातून मागवायची, चौकटीवर सारखी ताणायची, लेप हाताने चोळायचा, आणि हे काम जाणणारी माणसे आता विरळ.

मी गेलो तेव्हा श्रावण चालू होता. वरचे दोन्ही पडदे तारा काढून मुके ठेवले होते, कारण डावीकडचा ढिला असताना एकाच बाजूस जोडी ठेवली तर गायक त्या बाजूकडे सरकतो. खालच्या दोघांवर यजमान हळू आवाजात यमन ऐकत होते, आणि डावीकडचा मुका पडदा त्यांनी मध्येच उठून तळहाताच्या पाठीने, ताप पाहावा तसा, चाचपून पाहिला.