हिवाळ्यातला पाऊस आणि दादरचा मुक्काम

डिसेंबर लागला की आमच्या वस्तीत पिशव्या भरायला सुरुवात होते. भाकरी, चटणी, सतरंजी, वाकळ, एक तांब्या आणि पांढरे पातळ. ही सगळी तयारी ६ डिसेंबरला दादरला जाण्याची असते. आपल्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या घरचे दरवर्षी जातात. पण २०१७ साली तिथे ऐन थंडीत पाऊस आला आणि मैदानात मुक्कामाला असलेल्या माणसांचे फार हाल झाले. त्या वेळी आपण सगळे अगदी लहान होतो. माझी आजी मात्र तिच्या चार मैत्रिणींबरोबर तिथे होती.

थंडीत पाऊस येतोच कसा, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी समजावून सांगितले आणि आजीने हकिगत सांगितली. दोन्ही मिळून हा लेख लिहिला आहे. आईवडिलांनीही तो वाचावा, कारण यंदाही पुष्कळजण जाणार आहेत.

लोक दादरला का जातात?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीला निधन झाले. त्यांना विमानाने मुंबईला आणले. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' नावाचे त्यांचे घर आहे. त्याच्या आधी ते बरीच वर्षे परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी आता चैत्यभूमी आहे. चैत्यभूमीचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. ही जागा समुद्राला अगदी लागून आहे. आजी म्हणते, रांगेत उभे राहिले की लाटांचा आवाज ऐकू येतो.

चैत्यभूमीच्या जवळच शिवाजी पार्क हे मोठे मैदान आहे. ते १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. ते सुमारे २८ एकर आहे. म्हणजे आपल्या गावातल्या चारपाच जणांची शेते एकत्र केली तर तेवढे होईल. एवढ्या मोठ्या मुंबईत खेड्यातल्या माणसाला राहायला जागा कोण देणार? हॉटेलचे भाडे परवडत नाही. म्हणून हजारो लोक याच मैदानात मुक्काम करतात.

तिथे महापालिका मोठे मांडव घालते. पाण्याचे नळ, फिरती शौचालये आणि दवाखाना असतो. अनेक संस्था फुकट जेवण देतात. पुस्तकांची दुकाने तर किती असतात! लोक जत्रेहून खेळणी आणतात, तसे दादरहून पुस्तके आणतात. आमच्या घरातली निम्मी पुस्तके दादरचीच आहेत.

डिसेंबरात मुंबईला आपल्यासारखी कडाक्याची थंडी नसते. समुद्र जवळ असल्यामुळे हवा उबदार राहते. म्हणून एक वाकळ आणि वर मांडव एवढे पुरते. पण हे पुरते कधी? हवा कोरडी असली तरच.

पाऊस आला कुठून?

आपला पावसाळा जून ते सप्टेंबर असतो. पण समुद्र डिसेंबरातही गरमच असतो. गरम पाण्याची वाफ वर जाते. तिची जागा घ्यायला चारी बाजूंनी वारा धावत येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून हा वारा सरळ न येता गोल गोल फिरू लागतो. ताक घुसळताना डेऱ्यात मधोमध खळगा पडतो ना? तसाच मोठ्या वादळाच्या मधोमध एक शांत भाग असतो. त्याला वादळाचा डोळा म्हणतात. यालाच चक्रीवादळ म्हणतात. आपल्या देशाच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत अशी वादळे जास्त करून दोन वेळा येतात. एकदा पावसाळ्याच्या आधी, आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत.

२०१७ सालच्या वादळाचे नाव होते 'ओखी'. हे नाव बांगलादेशाने दिले होते. बंगाली भाषेत त्याचा अर्थ डोळा असा आहे. हे वादळ श्रीलंकेच्या जवळ तयार झाले आणि ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीच्या बाजूला फार जोरात आले. तमिळनाडू आणि केरळचे कितीतरी मच्छीमार समुद्रात गेलेले होते. त्यांतले पुष्कळ परत आलेच नाहीत. पुढे वादळ लक्षद्वीप बेटांवरून अरबी समुद्रात गेले आणि मग वळून गुजरातकडे निघाले. ४ डिसेंबरच्या संध्याकाळी मुंबईत पाऊस लागला. ५ तारखेला मुंबई, ठाणे, पालघर, रायगड आणि सिंधुदुर्ग इथल्या शाळांना सुट्टी दिली होती.

वर येता येता समुद्र थंड मिळाला म्हणून वादळ दमत गेले. चुलीतले जळण ओढून घेतले की जाळ बसतो, तसेच ते. म्हणून मुंबईवर वादळ कोसळले नाही, नुसता वारा आणि पाऊस आला. आता हिशेब करा. ३० नोव्हेंबरला कन्याकुमारी आणि ४ डिसेंबरला मुंबई. मध्ये बाराशे किलोमीटरहून जास्त अंतर आणि चार दिवस. म्हणजे आमची आजी घरी भाकरी बांधत होती, तेव्हा वादळ समुद्रात फिरत होते. हवामान खाते मच्छीमारांना सावध करत होते. पण आमच्या वस्तीत कुणाला वाटले नाही की समुद्राच्या बातमीचा आपल्याशी काही संबंध आहे.

आजीची हकिगत

आजी आणि तिच्या मैत्रिणी ४ तारखेला सकाळी दादरला उतरल्या. मांडवात जागा मिळाली. दुपारी त्यांनी पुस्तके घेतली. आजीला फार वाचता येत नाही, पण माझ्या आईसाठी तिने बाबासाहेबांच्या चरित्राचे पुस्तक घेतले. पुढचे मी आजीच्याच शब्दांत लिहितो.

"सांजच्याला भुरभुर लागली. आम्ही म्हणलो, धुकं असंल. मग टपाटपा थेंब पडाया लागले. वरचं कापड दवाला पुरतं, पावसाला न्हाई. पर खरं सांगू का, पाणी वरून कमी आन् खालून जास्त आलं. सतरंजी भिजली, वाकळ भिजली. ओली वाकळ म्हंजी म्हैस उचलल्यावानी जड! रातभर आम्ही पाचीजणी पाठीला पाठ लावून बसलो. एकीचे हात इतके गार पडले की कुणी चहा दिला तर तिला कप धरवंना."

मी विचारले, "आजी, पुस्तकाचं काय झालं?"

आजी म्हणाली, "भाकरीच्या डब्यात घातलं. भाकरी काढून वाटून टाकल्या आन् डब्यात पाचीजणींची पुस्तकं ठेवली. बाकी समदं भिजलं. डबा तेवढा कोरडा."

ते पुस्तक आमच्या घरी आहे. त्याच्या पुठ्ठ्याला चटणीच्या तेलाचा डाग आहे. आई त्याला कव्हर घालू देत नाही.

ओल्या अंगाला जास्त थंडी का वाजते?

हे समजण्यासाठी गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून दाखवला. दोन सारखे तांबे घेतले. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरले. एकाला कोरडे फडके गुंडाळले आणि दुसऱ्याला ओले. दोन्ही तांबे ओसरीवर वाऱ्याला ठेवले. थोड्या वेळाने बोट लावून पाहिले, तर ओल्या फडक्याच्या तांब्यातले पाणी आधी गार झाले होते. हा प्रयोग तुम्हीही घरी करून बघा. पाणी फार कढत घेऊ नका.

याचे कारण असे. पाणी वाळताना त्याची वाफ होते आणि वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता पाणी जवळच्या वस्तूतून घेते. म्हणूनच उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते. ओले कपडे घालून वाऱ्यात बसले की ती उष्णता आपल्या अंगातून जाते. हे मी आजीला सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "म्हंजी आमचे माठच झाले म्हण की!"

दुसरे कारण असे की कोरड्या वाकळेत चिंध्यांच्या थरांमध्ये हवा असते. ती हवा ऊब धरून ठेवते. वाकळ भिजली की हवेच्या जागी पाणी भरते आणि ऊब पळून जाते. तिसरे कारण जमीन. ओली जमीन खालून ऊब ओढून घेते. म्हणून मुंबईसारख्या गावीसुद्धा, जिथे कडाक्याची थंडी नाही, तिथे भिजलेला माणूस गारठतो. म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना हे लवकर बाधते.

जनावरांचेही असेच होते. २०२१ साली डिसेंबरच्या सुरुवातीला असाच अवकाळी पाऊस झाला. तेव्हा पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव या भागांत उघड्यावर बसवलेल्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. मेंढीच्या अंगावर लोकर असते. लोकर कोरडी असताना तिला थंडी वाजत नाही. पण रात्रभर पाऊस आणि वारा लागला तर लोकरीचाही उपयोग होत नाही. धनगरांचे त्यात फार नुकसान झाले.

गुरुजींनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. माणूस कुडकुडतो म्हणजे अंग ऊब तयार करायची धडपड करत असते. पण गारठलेल्या माणसाचे कुडकुडणे आपोआप थांबले आणि तो बरळू लागला किंवा झोपाळल्यासारखा झाला, तर त्याला बरे वाटते आहे असे समजू नये. ते धोक्याचे लक्षण आहे. त्याला लगेच दवाखान्यात न्यावे.

शाळेने छप्पर दिले

मैदानात चिखल झाल्यावर महापालिकेने लोकांसाठी आपल्या शाळा उघडल्या. ५ तारखेला काही मुले मांडवात येऊन म्हणाली, "आजी, इथं बसू नका, शाळेत चला." मग या पाचीजणी चालत एका शाळेत गेल्या. मुलांना सुट्टीच होती. वर्गातली बाकडी भिंतीला लावून जागा केली होती. आजी सांगते की फळ्यावर कुणीतरी गणित अर्धे सोडवून ठेवले होते. ते कुणी पुसले नाही.

ज्या बाईचे हात गार पडले होते, तिला आधी ओले लुगडे सोडायला लावून कोरडे नेसवले. एका मुंबईच्या बाईने घरून आणून दिले होते. मग दोघींच्या मध्ये बसवून गरम चहा दिला. तासाभराने ती बोलू लागली आणि पहिलेच वाक्य बोलली, "माझं पुस्तक कुठाय?" सगळ्या हसल्या.

६ तारखेला पाऊस थांबला. पाचीजणी रांगेत उभ्या राहिल्या, दर्शन घेतले आणि मगच गाडीत बसल्या. ओल्या वाकळा मात्र सगळ्यांनी डोक्यावर वाहून आणल्या, कारण त्या त्यांनी हाताने शिवलेल्या होत्या.

मला यातून कळले की शाळा फक्त शिकण्यासाठी नसते. पूर आला, वादळ आले तर गावातली पक्की इमारत म्हणजे शाळा. आपली शाळाही कधी कुणाला अशी उपयोगी पडेल. म्हणून पत्र्यावर दगड मारू नयेत आणि खिडक्या फोडू नयेत.

यंदा जाणाऱ्यांनी काय करावे?

१. निघायच्या आधी चारपाच दिवस रोज रेडिओ, टीव्ही किंवा मोबाईलवर हवामानाची बातमी ऐकावी. 'अरबी समुद्रात वादळ' असे ऐकले तर ती बातमी आपल्यासाठीच आहे असे समजावे.

२. खताची रिकामी प्लास्टिकची पोती स्वच्छ धुऊन, उसवून, जोडून घ्यावीत. ती सतरंजीच्या खाली अंथरावीत. पाणी खालून येते हे विसरू नये.

३. एक जोडी कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे. कितीही थंडी वाजली तरी पाऊस चालू असताना ती पिशवी सोडू नये. आडोशाला गेल्यावर सोडावी.

४. मुक्काम खोलगट जागी करू नये. पोहोचल्यावर जवळची पक्की इमारत कोणती, हे दिवसाउजेडी बघून ठेवावे.

५. भिजल्यावर आधी ओले कपडे काढावेत, मग पांघरावे. ओल्यावर पांघरूण घेऊन उपयोग नाही. डोके आणि कान झाकावेत.

६. कापडी मांडवात चूल किंवा स्टोव्ह पेटवू नये. ओल्या जमिनीवरच्या विजेच्या तारांना हात लावू नये. वादळी हवेत समुद्राच्या कडेला जाऊ नये.

७. लहान मुलांच्या खिशात नाव, गाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीसुद्धा प्लास्टिकमध्ये गुंडाळावी.

८. पुस्तकांसाठी घट्ट झाकणाचा डबा न्यावा.

आजी यंदाही जाणार आहे. वरची यादी मी तिला वाचून दाखवली. तिने शेवटचा नंबर पहिला करायला सांगितला आहे.

— इयत्ता चौथी